‘प्रेझेंटली’ म्हणजे आत्ता की थोड्या वेळाने?

प्रश्न : माझ्या मुलाने नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम प्रेझेंटली वर्किंग इन इंदूर’ असे लिहिले. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या त्याच्या आत्याने ‘प्रेझेंटली म्हणजे थोड्या वेळाने’ असे सांगून ते खोडायला लावले. खरे कोणाचे?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : मुलाचे वाक्य चुकीचे नाही आणि आत्याबाईंचे म्हणणेही निराधार नाही. शब्दाचे मूळ लॅटिन ‘प्रेसेन्स’, म्हणजे समोर असलेला. त्यातला ‘सेन्स’ हा अंश आपल्या संस्कृत ‘सत्’चा सख्खा भाऊ आहे. जे समोर आहे ते लगेच, म्हणून ‘प्रेझेंटली’चा एक जुना अर्थ ‘ताबडतोब’ असा होता. 1611च्या इंग्रजी बायबलात येशूच्या शब्दासरशी अंजिराचे झाड ‘प्रेझेंटली’ वाळते, ते काही थोड्या वेळाने नव्हे. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये प्रॉस्परो काम सांगतो तेव्हा एरिअल विचारतो, ‘प्रेझेंटली?’, आणि त्याला उत्तर मिळते ते ‘हो, पापणी लवते न लवते तोच’ अशा अर्थाचे.

मग ‘ताबडतोब’चे ‘थोड्या वेळाने’ कसे झाले? माणसाच्या चालढकलीमुळे. ‘सून’ आणि आता जुनाट वाटणारा ‘अनॉन’ हे शब्दही एके काळी ‘तत्क्षणी’ याच अर्थाचे होते आणि तेही असेच सैलावले. इंदूरकरांना हे समजावून सांगायला नको. नळ दुरुस्त करणारा ‘बस, अभी आया’ म्हणून गेला की आपण गळत्या नळाखालची बादली हलवत नाही. मराठीतला ‘एवढ्यात’ तर ‘एवढ्यात येईल’ आणि ‘एवढ्यात भेटला नाही’ असा पुढेमागे दोन्हीकडे वळतो.

‘सध्या’ हा मुलाला अभिप्रेत असलेला अर्थही नवा नाही. इंग्लंडच्या ग्रंथभाषेत तो सतराव्या शतकानंतर मागे पडला, पण स्कॉटलंडमध्ये टिकला, आणि अमेरिकेत व आपल्याकडे आज तोच रूढ आहे. संदिग्धता बहुधा क्रियापदच दूर करते : ‘ही विल कम प्रेझेंटली’ येथे ‘थोड्या वेळाने’, ‘ही इज प्रेझेंटली इन इंदूर’ येथे ‘सध्या’.

तरीही अर्ज इंग्लंडला जाणार असेल तर ‘करंटली’ लिहावे. माझ्या मते तेही नको, कारण ‘आय ॲम वर्किंग’ एवढ्यातच ‘सध्या’ आलेले आहे.