गाण्याला वाट बघता आली पाहिजे

प्रिय,

तुमच्या बँडला व्हिडिओ गेमसाठी स्वतःचं नवं गाणं करायला मिळालंय, हे वाचून फार आनंद झाला. डेमो चार-पाच वेळा ऐकला. गिटारचा रिफ पक्का आहे, त्याला हात लावू नका. मला काळजी वाटते ती बांधणीची. साडेतीन मिनिटांत गाणं सुरू होतं, चढतं आणि संपतं. स्टेजवर हेच हवं. पण गेममध्ये गाणं किती वेळ चालायचं हे खेळणारा ठरवतो. एक जण चाळीस सेकंदांत दार उघडून पुढे जाईल, दुसरा त्याच दारापाशी दहा मिनिटं अडेल. गाणं आपल्यासाठीच वाजतंय, असं दोघांनाही वाटलं पाहिजे.

२०१९च्या ‘कंट्रोल’ या गेममधला ॲशट्रे मेझ या भूलभुलैयाचा भाग स्वतः खेळ, व्हिडिओ बघून भागवू नकोस. फिनलंडच्या पोएट्स ऑफ द फॉल या बँडने ‘ओल्ड गॉड्स ऑफ असगार्ड’ या काल्पनिक बँडच्या नावाने त्यासाठी गाणं केलंय. भिंती सरकत राहतात आणि गाणं खेळणाऱ्याच्या चालीने पुढे जातं. तो रेंगाळला तर गाणंही त्याच्यासाठी रेंगाळतं, आणि तरी ते अडकलंय असं कधी वाटत नाही.

म्हणून सर्वांत आधी गेमवाल्यांना विचार, हे गाणं वाजणार कुठे? कटसीनला, म्हणजे खेळ थांबून नुसतं दृश्य चालतं तिथे, किंवा शेवटच्या श्रेयनामावलीला असेल, तर अख्खं गाणं सरळ वाजवा. लढाईत असेल, तर ते तुकड्यांत आणि थरांत द्यावं लागेल. ड्रम्स, बेस, गिटार आणि गळा यांचे वेगळे स्टेम्स, म्हणजे प्रत्येकाची स्वतंत्र फाइल, लागतील, आणि प्रत्येक भागाला स्वतःवरच परत फिरता आलं पाहिजे. लूप म्हणजे शेवटी समेवर येणंच आहे. समेवर येताना ऐकणाऱ्याला धक्का बसला, तर तो लूप फसला.

अशा पहिल्या कामात आम्ही सगळे एकत्र, क्लिकशिवाय, म्हणजे कानात लय धरून देणाऱ्या टिकटिकीशिवाय, वाजवलं होतं. जोश भरपूर होता. शेवटच्या मुखड्यापर्यंत लय चार बीपीएमने, म्हणजे मिनिटाला चार ठोक्यांनी, चढली. मैफलीत हा चढ अंगावर काटा आणतो. इथे मात्र शेवटून पहिल्या भागाकडे उडी मारली की ठेका अडखळायचा. सगळे ड्रम्स पुन्हा वाजवले. ड्रमरच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण पहिला टेक खरंच सुंदर होता. तुमच्या ड्रमरला क्लिकची सवय आजपासून लाव. क्लिकवरही जीव ओतता येतो, त्याला वेळ लागतो एवढंच.

दुसरी चूक झांजेची. भागाच्या शेवटच्या मात्रेवर क्रॅश मारला की त्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, पुढच्या आवर्तनात सांडते. फाइल बरोबर मात्रेवर कापली तर ती आस तुटते, आणि प्रत्येक फेरीत ते टोचतं. शेपूट वेगळं ठेवून द्या, ते पुढच्या फेरीवर चढवता येतं.

लयीचा हिशोबही करून ठेव. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० सँपल (नमुने) घेतले तर, १२० बीपीएमचा चार मात्रांचा बार नेमका ९६,००० सँपलचा होतो. १४०ला तोच ८२,२८५.७ येतो. एवढा अपूर्णांक कानाला कळत नाही, पण प्रत्येक स्टेम वेगळ्या जागी कापला की थर एकमेकांवर बसत नाहीत. गाण्याचा जीव १४०मध्येच असेल तर १४०च ठेवा, फक्त सगळे स्टेम्स एकाच ठिकाणी कापा. आणि एमपीथ्री देऊ नका. एन्कोडिंगमध्ये तिच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा भरली जाते आणि समेवर खड्डा पडतो. २४ बिटची वेव्ह फाइल द्या.

आता शब्द. पात्रं बोलत असताना गळा वाजला की दोन्ही ऐकू येईनासे होतात, म्हणून गळ्याविना मिक्स आधीपासून तयार ठेवा. पण चाल गळ्यातच घडवा. २००३च्या ‘मॅक्स पेन २’साठी पोएट्स ऑफ द फॉलनेच केलेलं गाणं गेममधली पात्रं जागोजागी गुणगुणतात. ॲम्प बंद असतानाही ते उभं राहतं. तुमचा मुखडा गिटारशिवाय, नुसता गुणगुणून बघ. मला त्यातली दुसरी ओळ अजून पडलेली वाटते.

करारावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. रचनेचे हक्क आणि रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे असतात, दोन्ही एकाच ओळीत देऊन टाकू नका. गाणं तुम्ही स्वतः प्रकाशित करणार असाल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकण्याआधी गेमवाल्यांशी बोला. नाहीतर गेम खेळतानाचा व्हिडिओ टाकणाऱ्या प्रत्येकावर तुमच्याच नावाने दावा लागेल, आणि तुमचं गाणं जीव लावून ऐकणारी मुलं ती हीच असतील.

पुढच्या आठवड्यात ड्रम्स आणि बेस रेकॉर्ड झाले की मला मिक्स पाठवू नकोस, स्टेम्स पाठव. दुसऱ्या भागातून पहिल्याकडे परत येणारी जागा मला कानांनी तपासायची आहे.

तुझा,
एक जुना बेसवादक