पहिल्या सत्रात रविवार कसा वाचवायचा

कॉलेजात नाटक शिकवायचं पहिलंच सत्र ना? ऑगस्टात पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची, प्राथमिक फेरी आली, की पोरं रविवारीही तालमीला बोलावतात. सध्या एवढंच सांभाळ:

– रविवारी तालीम नाही, हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाक. मागाहून कोणी ऐकत नाही.
– तपासायचे पेपर घरी नेऊ नकोस. मी नेले होते. पिशवी दोन दिवस दाराशी तशीच, आणि येता-जाता मला अपराधी वाटायचं.
– रविवारी नाटकाला जाऊ नकोस. प्रकाशयोजनेतल्या चुकाच मोजत बसशील!

आठवडाभर ओरडून बसलेल्या घशालाही सुट्टी दे. व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट, वरण-भातावर तूप-लिंबू, मग पंख्याखाली ताणून दे. सोमवारी पोरं संवाद विसरलेली असतील. असू देत, रविवारी तालीम घेतली तरी विसरतातच.