टॉवर समोर दिसतो, तरी गावात नेट का चालत नाही?

आधी फोनच्या सेटिंगमध्ये 4जी सिग्नलचा आकडा बघा. उणे 95 डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक; शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) आसपास असेल तर रेंज ठीक आहे. मग घोळ बहुधा टॉवरला नेटशी जोडणाऱ्या मागच्या जोडणीत: फायबर तुटलेली, मायक्रोवेव्ह लिंकच्या (टॉवर ते टॉवर रेडिओ जोडणीच्या) आड झाडं वाढलेली, नाहीतर एकाच टॉवरवर गर्दी. उणे 115 च्याही खाली असेल तर सिग्नलच पोहोचत नाही. तिथे 2100 ऐवजी 700 मेगाहर्ट्झ बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) लावला की मोकळ्या जागेतला सिग्नलचा तोटाच सुमारे 9.5 डेसिबलने घटतो. नुसती टॉवरची पॉवर वाढवून भागत नाही. फोनचा सिग्नलही परत पोहोचायला हवा, आणि तो जेमतेम 0.2 वॅटचा! वीज गेल्यावर दहा मिनिटांत रेंज जाते? मग टॉवरची 48 व्होल्टची बॅटरी बँक तपासायला सांगा.