तान्हा पोळा चुकवू नका

ताई, तुमच्या मुलाला टाइप वन मधुमेह आहे हे कळलंय, तर आधी आजी-आजोबांसकट सगळ्यांना बसवून सांगा: हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. यात तुमची चूक नाही, लेकराचीही नाही. कोणी कितीही खात्रीने जडीबुटी सुचवली, तरी इन्सुलिन बंद करायचं नाही.

आपल्या नागपूरचा उन्हाळा मात्र जपा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, अन् तापलेलं इन्सुलिन निकामी होतं. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेली फेकावीच लागते. लाइट गेली तर पिशवीत घट्ट बांधून ओल्या मडक्यात ठेवा. उन्हात उभ्या गाडीत कधीच नाही.

रक्तातली साखर ७० (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली गेली की तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. वर्गशिक्षिकेला हे लिहूनच द्या.

आणि तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या बैलपोळ्याला, त्याला लाकडी बैल सजवून घरोघरी पाठवाच! मिळालेला खाऊ घरी आणायचा आणि डॉक्टरांनी शिकवलेल्या कर्बोदकांच्या (खाण्यातल्या साखर-पिठाच्या) हिशेबाने इन्सुलिनचा डोस घेऊन खायचा. बहिणीला संत्रा बर्फी आणि त्याला नाही, असं करू नका. मुलं मग लपून खातात, आणि लपून खाल्लेल्याचा डोस कोण देणार? रात्रीची साखरेची तपासणी त्याच्या बाबांशी वाटून घ्या. झोप तुम्हालाही हवी.