पासपोर्ट कोण काढतं आणि कोण नाही, विट्यातल्या झेरॉक्सच्या दुकानातनं बघितलेलं

तुम्ही विचारलंय की काही जणांकडे पासपोर्ट असतो आणि काही जण आख्खं आयुष्य देशाबाहेर पाऊल टाकत नाहीत, हा नुसता पैशाचा फरक आहे का लोकांना जग बघायची हौसच नसते. मी यातला तज्ज्ञ वगैरे नाही. सांगली जिल्ह्यात विट्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा असलं सगळं, आणि गेली दहा-अकरा वर्षं पासपोर्टचे फॉर्म पण भरतो, त्यामुळं कोण येतं आणि कोण येत नाही हे रोज समोर दिसतंय, त्यावरनं सांगतो.

पैसा हे कारण आहेच, पण लोक समजतात तेवढं नाही. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, एवढ्यात आजकाल मोबाईलचा बरा डिस्प्ले पण बदलून मिळत नाही, आणि तो एकदा काढला की दहा वर्षं चालतो. फी परवडत नाही म्हणून अडून बसलेला माणूस मी तरी बघितला नाही. माणूस पासपोर्ट काढतो कारण तिकडनं कुणीतरी त्याला बोलावलेलं असतं. ज्याला बोलावणं नाही तो घरी बसलाय, मग त्याची दहा एकर बाग असूदे नाहीतर दहा गुंठे.

आणि हे बोलावणं कुणाला येतं, तर आमच्या भागात सगळ्यात जास्त आयांना आणि सासवांना येतं. चेष्टा नाही करत. पोरगं पुण्याला हिंजवडीत लागलं, तिथनं कंपनीनं अमेरिकेला पाठवलं, सून गरोदर राहिली, की तीन महिन्यांत आई माझ्या दुकानात. फॉर्म भरताना विचारतो, मावशी याआधी कुठं बाहेर गेलाय का, तर म्हणतात पंढरपूर, तुळजापूर, एकदा तिरुपती. ज्या बाईनं आयुष्यात एकटीनं कराडची एसटी पकडली नाही ती मुंबईहून विमान बदलत बदलत न्यूजर्सीला जाते आणि सहा महिने राहून येते. वडील मात्र बहुतेक वेळा जात नाहीत, गेले तरी महिनाभरात परत. का, तर म्हशीची धार कोण काढणार. दोन म्हशी घरात असल्या की माणूस दोन दिवस पाहुण्यांकडं राहू शकत नाही, सहा महिन्यांचं काय घेऊन बसलाय. बाळंतपणाला बाई लागते आणि गोठ्याला बाप्या, त्यामुळं शिक्के सगळे आईच्या पासपोर्टवर.

अशाच एका मावशींचा किस्सा सांगतो, नाव गाव सांगत नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव एक, आधारवर सासरचं नाव वेगळं, म्हणजे आडनाव तर बदललंच पण लग्नात पहिलं नाव पण बदललेलं, आपल्याकडं ही पद्धत होतीच. जन्मतारीख एक जून. आमच्या गावाकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची एक जूनच असते कारण मास्तरांनी शाळेत नाव घालताना तीच लिहिली. वय अठ्ठावन्न पण त्या म्हणतात मी साठ पार केलेत, आमच्यात मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी धुणं धुवायला लागले होते. आता ७२ च्या दुष्काळावरनं वय काढायचं तर पासपोर्टच्या फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. नावाचं राजपत्रात छापून घेतलं, त्यात महिना गेला. मग पासपोर्ट केंद्रात गेल्या तर बोटांचे ठसे उठेनात, आयुष्यभर भांडी, शेण, हळदीची काढणी, बोटं गुळगुळीत झालेली. तिथल्या पोरीनं चार-पाच वेळा घेतले तेव्हा कुठं आले. मावशी आल्यावर मला म्हणतात, अरे त्या पोरीनं माझा हात एवढा वेळ धरून ठेवला, लग्नात पण एवढा कुणी धरला नव्हता.

दुसरी गोष्ट आमच्या तालुक्याची खास. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात भारतभर पसरलीत, याला गलाई व्यवसाय म्हणतात. काश्मीरपासनं केरळपर्यंत, सराफ बाजाराच्या बोळात आमच्याकडचा एखादा गलाईवाला सापडतोच, भट्टी, धातू वितळवायची मूस, तेजाब आणि टंच म्हणजे सोन्याचा कस काढायचं काम. आता हा माणूस बघा, तमिळ बोलतो, हिंदी बोलतो, कुणी बंगाली बोलतो, चार राज्यांत संसार झाला, आणि पासपोर्ट नाही. गरजच पडली नाही कधी.

त्यातले एक काका केरळात त्रिशूरला वीस-बावीस वर्षं आहेत. दोन वर्षांखाली दिवाळीत आले आणि म्हणाले माझा पासपोर्ट काढ. का काढायचाय विचारलं तर म्हणाले तिथं आमच्या गल्लीत प्रत्येक घरात आहे, नसला की लोक विचित्र बघतात. खरंय ते. केरळ आणि महाराष्ट्र दोन्हीकडं पासपोर्टवाले एक कोटीच्या वर आहेत पण आपली लोकसंख्या त्यांच्या तिपटीपेक्षा जास्त, म्हणजे तिकडं घरोघरी आणि इकडं वाड्यात एखादा. आख्ख्या देशाचा हिशोब धरला तर शंभरात सात-आठ जणांकडेच आहे. केरळवाला काय आपल्यापेक्षा जास्त हौशी नाही, त्याचा काका-मामा पन्नास वर्षांपूर्वी आखातात गेला, त्यानं भाच्याला बोलवलं, भाच्यानं मेव्हण्याला. अगदी तसंच आमचं गलाईचं आहे, फक्त आमची साखळी कोईमतूर-कानपूरला गेली, दुबईला नाही. साखळी जिकडं जाते तिकडं माणूस जातो.

तर काकांचा फॉर्म भरला, पत्ता गावाकडचा दिला कारण आधारवर तोच होता. मी तेव्हा सांगितलं होतं की काका राहता तिथला पत्ता टाका, २०१८ पासनं देशात कुठनंही अर्ज करता येतो, पण त्यांना गावचाच पाहिजे होता, म्हणाले माझं घर इथं आहे. पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार आले तर घराला कुलूप, शेजारणीनं इमानदारीत सांगितलं की ते इथं नसतात, वर्षातनं दोनदा येतात. रिपोर्ट विरोधात गेला, फाईल अडकली. हवालदाराची चूक नाही, शेजारणीची तर नाहीच. चाळीस वर्षं ज्या माणसाचं मतदान, रेशनकार्ड, देवाची पालखी सगळं गावात, तो कागदावर गावात राहत नाही आणि त्रिशूरमध्ये त्याच्या नावाचा साधा भाडेकरार नाही. आणि गंमत म्हणजे हे काका परदेशात जाऊन आलेत. नेपाळला, पशुपतीनाथाला, भारतीय माणसाला तिथं मतदान कार्ड चालतं. म्हणजे तुमच्या प्रश्नात त्यांना कुठं बसवायचं सांगा, पासपोर्ट नाही पण परदेश झालाय.

उलटं उदाहरण मी स्वतः. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांनी पासपोर्ट काढले, कंपन्या मागतात म्हणून, मी पण काढला, तेव्हा रात्रीची एसटी धरून पुण्याला मुंढव्याच्या केंद्रात जावं लागायचं, आता पोस्टात केंद्रं निघाल्यापासनं तो त्रास नाही. कंपनी लागली नाही. दुकान टाकलं. त्या पासपोर्टचा उपयोग एकदा सिमकार्ड घ्यायला आणि एकदा बँकेत ओळखपत्र म्हणून झाला, ३६ पानं कोरी होती तशी मुदत संपली. असे कोरे पासपोर्ट आमच्या भागात भरपूर आहेत, त्यामुळं पासपोर्टवाला म्हणजे फिरलेला माणूस असं समजू नका.

आता पासपोर्ट आहे, हौस पण आहे, पैसा पण आहे, तरी जाता येत नाही असा एक वर्ग आहे, तो म्हणजे चांगला बागायतदार. द्राक्षं त्याची कंटेनरमधनं युरोपला जातात, औषधांचे अंश लॅबमध्ये तपासून, कागदपत्रं करून, आणि मालकाला फिरायला जायचं तर व्हिसाची फाईल उभी राहत नाही. कारण शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून रिटर्न भरलेलं नाही, आणि व्हिसाला मागतात तीन वर्षांचं रिटर्न आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. स्टेटमेंट बघायचं तर मार्चमध्ये व्यापाऱ्याचे एकदम पंधरा लाख आले आणि पुढं औषधवाला, मजूर, सोसायटीचं कर्ज करत करत ऑगस्टपर्यंत खात्यात अकरा हजार. हे गणित आपल्याला कळतं, तिकडच्या माणसाला काय कळणार. युरोपच्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, नाकारला तरी परत नाही. एका बागायतदारानं फाईलला सातबारा, आठ-अ सगळं इंग्रजी करून लावलं आणि वर बागेचा फोटो पण लावला. मी नको म्हणत होतो. झाला मंजूर, आता मला कसं बोलणार. पण गेले कधी, तर जुलैत. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, जानेवारीपासनं माल, मधे पावसाळ्यात तेवढी जरा फट असते.

आखातात जाणाऱ्या पोरांचं वेगळं. दहावी नापास पोराच्या पासपोर्टवर ईसीआर पडतं, म्हणजे ठराविक १८ देशांत, सौदी, युएई, कतार, कुवेत, मलेशिया वगैरे, नोकरीला जायचं तर सरकारची आधी परवानगी लागते. नुसतं फिरायला जायला लागत नाही, आणि एजंट नेमका हाच खेळ करतो, टुरिस्ट व्हिसावर पाठवतो, म्हणतो तिथं गेल्यावर बदलून देऊ. असं कुणी तुम्हाला सांगितलं तर सरळ उठून या. एकदा एक पोरगा आला होता, मी म्हटलं आधी दहावी काढ सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरनं परीक्षा द्यायचा, फॉर्म भरून, ईसीआरच जाईल. नाराज झाला माझ्यावर. काढली पण त्यानं.

हौस नसते का, हा पण तुमचा प्रश्न होता. आमच्या वडिलांच्या पिढीला हौस असायची सोयच नव्हती हो. १९६७ पर्यंत पासपोर्ट हा हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती, सुप्रीम कोर्टानं त्या वर्षी निकाल दिला आणि मग पासपोर्टचा कायदा झाला. आणि पासपोर्ट मिळाला तरी एक काळ असा होता की खिशात आठ डॉलर घेऊन जायची परवानगी. आठ डॉलरमध्ये कोण हौस करणार. त्यामुळं घरात परदेश हा विषयच नाही निघाला कधी, आणि जो विषय घरात निघत नाही त्याची हौस पोराला कुठनं येणार. २०२३ च्या शेवटाला थायलंडनं आपल्याला व्हिसा माफ केला म्हटल्यावर आमच्या गावातली चार पोरं ऊसबिल आल्यावर बँकॉकला जाऊन आली, तिघांनी घरी कोकण सांगितलं होतं.

त्या ठसे न उठणाऱ्या मावशी परवा परत आल्या होत्या. धाकटी मुलगी जर्मनीत असते, तिला दिवस गेलेत. पासपोर्ट आहे अजून सहा वर्षं, म्हणून फॉर्म काही भरायचा नव्हता, व्हिसाची यादी तेवढी प्रिंट काढून घेतली आणि म्हणाल्या तिकडं डिंक मिळतोय का बघ रे तुझ्या त्या कॉम्प्युटरवर, नाहीतर इथनंच लाडू करून न्यायला लागतील.