नमो मरियाचा दुसरा अर्धा भाग

पत्र:

मावशी, मी वसईची, वय ३४. मम्मी कॅन्सरने गेली त्याला चौदा महिने झाले. ती आजारी असताना ऑफिस सुटलं की मी अंधेरीहून माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला, जायचे. नऊ बुधवार करायचे ठरवले होते. सातव्या बुधवारी पावसाने लोकल बंद पडल्या, तो चुकला. मम्मी वाचली नाही. आता रोज रात्री आठ वाजता पप्पा घरच्या आल्तारासमोर (वेदीसमोर) मेणबत्ती लावतात आणि आम्ही दोघं रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणतो. माझे ओठ हलतात, बस. मनात एकतर काही नसतं, नाहीतर राग असतो. ही पप्पांची आणि देवाची फसवणूक नाही का? प्रार्थनेला अर्थ तरी काय? सोडून देऊ?
– नुसते ओठ

उत्तर:

बाळा, आधी तो सातवा बुधवार. तू तो एका ओळीत उरकलास, पण मला अख्खं पत्र त्या ओळीभोवतीच घुटमळताना दिसलं. नऊ पुरे झाले असते तर मम्मी आज असती, हे तू लिहिलं नाहीस. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच हिशेब चालतो ना?

नाही गं. नऊ हा आकडा आला कुठून ते बघ. येशू स्वर्गात गेल्यावर त्याचे शिष्य आणि त्याची आई मरिया माडीवरच्या खोलीत पवित्र आत्म्याची वाट पाहत प्रार्थना करत बसले, ते नऊ दिवस. ते वाट पाहण्याचे दिवस होते गं, कर्जाचे हप्ते नव्हते की एक चुकला आणि जप्ती आली. नुसत्या बाहेरून पार पाडलेल्या विधीनेच प्रार्थना फळते असं मानणं ही अंधश्रद्धा, असं आपल्या चर्चचा १९९२चा कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिकवणीचा ग्रंथच सांगतो. माहीमला १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. तिथे कुंकू लावलेल्या बायका असतात, बुरख्यातल्या असतात, आपल्या असतात. त्यातल्या कितीजणींचे बुधवार गाड्यांनी खाल्ले असतील, कोण मोजतंय? निदान मरिया माउली तरी मोजत नसावी.

मागितलेलं मिळालं नाही, हे दुःख खरंच आहे. त्यावर मी ‘देवाची योजना’ वगैरे म्हणणार नाही. अंत्यविधीच्या दिवशी तुला ते वीसजणांनी ऐकवलं असेल. क्रुसावर जायच्या आधीची, गेथशेमानीच्या बागेतली रात्र तेवढी आठव. हा प्याला माझ्यापासून टळू दे, असं येशूने मागितलं. एकदा मागून भागलं नाही. मत्तय लिहितो की तिसऱ्यांदाही त्याने तेच शब्द म्हटले. आणि प्याला टळला नाही. तेच ते शब्द, वरून उत्तर नाही, बरोबरचे तिघे शिष्य झोपलेले. तुझी रात्री आठची रोझरी याहून फार वेगळी आहे का?

आता ‘काहीच वाटत नाही’ याबद्दल. वाटणं म्हणजेच प्रार्थना, हे आपल्याला कोणी शिकवलं कोण जाणे. रोझरी एकटीने म्हणणं मला फार जड जातं, अशी कबुली लिझ्यूच्या संत तेरेझाने लिहून ठेवली आहे. प्रार्थनेत तिला झोपही लागायची. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली छापून आली तेव्हा लोक चक्रावले: या बाई कित्येक दशकं आतून कोरड्या होत्या, आणि तरी रोज पहाटे चॅपेलमध्ये हजर. माझी आजी तर रोझरीच्या चौथ्या दहा मण्यांत हमखास ‘अगं, दूध बघ’ म्हणायची आणि त्याच दमात पुढचा मणी ओढायची. तिला कधी ही फसवणूक वाटली नाही.

खरा मुद्दा मात्र वेगळाच आहे. तू मम्मी जगावी म्हणून प्रार्थना केलीस. पण हातात माळ असताना तोंडाने काय म्हणत होतीस? रोझरीच्या मण्यामण्याला म्हणायच्या ‘नमो मरिया’ प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग लूकच्या शुभवर्तमानातला, गब्रिएल दूताचा आणि एलिझाबेथचा. दुसरा भाग माणसांनी मागाहून जोडला. १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात तो आजच्या रूपात पक्का झाला. त्यात माणसांनी काय मागितलं? बरं कर, वाचव, असं काही नाही. ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ आमच्यासाठी विनंती कर, एवढंच. एका रोझरीत हे ५३ वेळा येतं. तुझ्या मम्मीने आयुष्यभर, रोज, त्या एका घटकेला सोबत मिळावी म्हणून मागितलं. ती घटका आली तेव्हा तिच्या खाटेजवळ कोण होतं, ते तू पत्रात लिहिलेलं नाहीस. मला वाटतं, तू होतीस.

म्हणून सोडू नकोस. निदान आत्ता नको. मन अंधारात असताना आधीचा निर्णय बदलू नये, असं संत इग्नासियो सांगून गेले, आणि हा सल्ला नोकरी-लग्नाच्या बाबतीतही मला कायम उपयोगी पडलाय. सहा महिन्यांनी, मन जरा थाऱ्यावर आल्यावर, पुन्हा विचार कर. तोवर राग आला तर रागच म्हण. ८८वं स्तोत्र काढून वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी गोड केलेलं नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. झोप किंवा जेवण तुटलं असेल तर डॉक्टरला दाखव, तो काही रोझरीचा प्रांत नाही. आणि कुमसाराला, फादरांपुढे पापं कबूल करायला, जाशील तेव्हा ‘मी पाप केलं’ म्हणण्याऐवजी ‘मला राग आलाय’ असं फादरांना सांगून बघ.

राहिले पप्पा. रोझरी दोन आवाजांत चालते: एकाने ‘नमो मरिया’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘हे पवित्र मरिये’ उचलायचं. मम्मी होती तोवर तुमच्याकडे दुसरा भाग बहुधा तीच उचलत असेल. आता पप्पा पहिला भाग म्हणून थांबतात, आणि तुझे ‘नुसते ओठ’ हलतात तेव्हाच त्यांना पुढचा मणी धरता येतो. तू उठलीस तर दोन्ही भाग त्यांनाच म्हणावे लागतील.

त्यांच्या मनात काही असतं का, हे तू कधी विचारलंयस? आज रोझरी झाली की लगेच टीव्ही लावू नका. मेणबत्ती विझवायच्या आधी विचार, ‘पप्पा, तुम्हाला काही वाटतं का हो म्हणताना?’ ते ‘हो’ म्हणतील असं धरून चालू नकोस. काय म्हणाले ते मला कळव.

– मावशी