वसाहतकालीन शैलीत घर सजवताय? आधी हवा, मग खुर्ची

घाई करू नका, आधी खोली मोकळी करा. उष्ण प्रदेशात राहायला आलेल्या इंग्रजांच्या बंगल्यांतून ही शैली घडली. खेळती हवा हाच तिचा जीव. म्हणून भिंती पांढऱ्या, पडदे पातळ सुती.

मग एकच चांगली वस्तू घ्या: वेताने विणलेली सागवानी खुर्ची. बैठक खालून बघा. चौकटीच्या भोकांतून वेत ओवलेला असेल तर वीण हाताची. खाचेत दाबून बसवलेला असेल तर तयार जाळी. वेत सैल पडला, तर खालून ओलं फडकं फिरवून वाळू द्या, बराचसा ताणला जातो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- सगळंच लाकूड गडद, मग खोली अंधारी.
- उशीवर, पडद्यावर, भिंतीवर ताडाची पानं. त्यापेक्षा कुंडीत एक खरं झाड लावा.

या शैलीत शोभणाऱ्या पितळी कोपऱ्यांच्या पेट्या नंतर बघू. शैलीची निवड छान केलीत, बिनधास्त सुरू करा!